माणसं सांभाळण्याची रीत : नाथांचा वाडा आणि आपली दिंडी

श्रीक्षेत्र पैठणहून नाथ महाराजांच्या पालखीसोबत चालणाऱ्या आपल्या दिंडीला यंदा शंभर वर्षं पूर्ण होत आहेत. या अंकात कीर्तनकार महाराजांचे लेख आहेत, जुन्या वारकऱ्यांच्या आठवणी आहेत, अन्नदात्यांच्या याद्या आहेत. आम्हा व्यवस्थेतल्या मंडळींच्या वाट्याला व्यवस्थेचाच विषय आला. शंभर वर्षं एवढी माणसं एकत्र चालली कशी, त्यांना चालवलं कुणी, आणि चालवणारे घडले कुठे, एवढंच या लेखात पाहायचं आहे. विषय वरवर रुक्ष वाटेल. पण ज्याने एकदा तरी भर पावसात, गळक्या पालाखाली, दिवसभर चाललेल्या माणसांची पंगत वाढून उठवली आहे त्याला यातली गोम लगेच कळेल.

सुरुवात नाथ महाराजांपासूनच करावी लागते, कारण आपल्याकडे कारभार ही गोष्ट परमार्थाच्या बाहेरची कधी मानलीच गेली नाही. महाराजांचा जन्म पैठणचा, इ.स. १५३३ च्या सुमारासचा. आईवडील लहानपणीच गेले, आजोबा चक्रपाणींनी सांभाळलं. घराणं भानुदास महाराजांचं. विजयनगरला गेलेला पांडुरंग ज्यांनी पंढरीला परत आणला असं आपण मानतो, ते भानुदास नाथांचे पणजोबा. असा हा मुलगा गुरूच्या शोधात देवगिरीच्या किल्ल्यावर जनार्दनस्वामींकडे गेला. स्वामी मूळचे चाळीसगावचे, दत्तभक्त, आणि त्याच वेळी निजामशाहीत किल्ल्याचा कारभार पाहणारे अधिकारी. म्हणजे नाथांचं शिक्षण झालं ते एका कामाच्या ठिकाणी. तिथे फौज होती, दफ्तर होतं, वसूल होता, वरून येणारे हुकूम होते.

त्या दिवसांतली एका पैच्या चुकीची गोष्ट आपल्याकडे पोरासोरांना माहीत आहे. स्वामींनी हिशेबाचं काम नाथांकडे दिलं होतं. एके दिवशी जमाखर्चात एक पै जुळेना. नाथ रात्रभर दिव्यापाशी बसले, आणि उत्तररात्री चूक सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजवली. स्वामी जागे झाले आणि म्हणाले, एका पैची चूक सापडली तर एवढा आनंद, मग संसारातली चूक सापडली तर केवढा होईल! कीर्तनात या गोष्टीचा रोख संसाराच्या चुकीकडे जातो, आणि तो जायलाच हवा. आम्हाला मात्र अलीकडची बाजूही मोलाची वाटते. शिष्य एक पै शोधायला रात्र घालवतो, आणि गुरू त्याला ‘एवढ्याशा पैचं काय घेऊन बसलास’ असं म्हणत नाही. हाताखालच्या माणसाचं बारीक काम वरच्या माणसाने पाहिलं, त्याची किंमत केली, आणि मगच त्याला पुढच्या कामाकडे नेलं.

दुसरी कथा महिपतीबुवा ताहाराबादकरांमुळे घरोघरी गेली. स्वामी समाधी लावून बसलेले असताना किल्ल्यावर शत्रू चालून आल्याची हाकाटी झाली. नाथांनी स्वामींना उठवलं नाही. त्यांचाच पोशाख अंगावर चढवला, घोड्यावर बसले, फौज घेऊन गेले आणि हल्ला परतवून आले. पोशाख होता तिथे ठेवला आणि सेवेला लागले. स्वामींना हा प्रकार नंतर दुसऱ्यांकडून कळला. वरचा माणूस जागेवर नसताना काम अडू द्यायचं नाही, आणि तो आल्यावर ‘मी होतो म्हणून’ असं म्हणायचं नाही, या दोन्ही गोष्टी एकाच माणसात असणं फार अवघड. पहिली गोष्ट जमणारे पुष्कळ भेटतात. दुसरीपाशी आमच्यासकट बहुतेकांची गाडी अडते.

गृहस्थाश्रमात आल्यावर नाथांचा पैठणचा वाडा म्हणजे एक मोठा कारखानाच होता. रोजचं कीर्तन, येणाऱ्याजाणाऱ्याला अन्न, ग्रंथांचं लेखन. शके १५०६ म्हणजे १५८४ साली महाराजांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती जमवून, ताडून, शुद्ध पाठ सिद्ध केला. एवढी कामं एका माणसाने होत नाहीत. गिरिजाबाईंचा हात सगळ्यात मोठा. घरकारभार पाहायला उद्धव होता. आणि पाणी भरायला श्रीखंड्या होता.

श्रीखंड्याची कथा सांगताना आपण नेहमी देवाने भक्ताघरी पाणी भरलं यावर थांबतो. पण कथेतली एक गोष्ट पुन्हापुन्हा मनात येते. बारा वर्षं तो गडी गोदावरीच्या कावडी आणून रांजण भरत होता, आणि तो कोण आहे हे घरात कुणाच्याच ध्यानात आलं नाही. द्वारकेहून एक ब्राह्मण देवाला शोधत दारात आला तेव्हा उलगडा झाला, आणि तोवर श्रीखंड्या निघून गेला होता. नाथांना नावं ठेवण्याचा विचारही आमच्या मनात येणार नाही. उलट, नाथांसारख्यांच्या घरी असं घडलं म्हणून ही कथा आम्हाला जास्त बोचते. आपल्या दिंडीत पाण्याच्या टँकरवर एक जण बरीच वर्षं होता. मुक्कामी सगळ्यांच्या आधी पोचायचा, शेवटच्या पालापर्यंत पाणी गेल्याशिवाय जेवायचा नाही. एका वर्षी तो आला नाही. मुक्कामावर पाणी आहे पण ते कुणाला आधी, कुणाला किती, कुठल्या पालात आजारी माणूस आहे, हे कुणालाच ठाऊक नाही, असं त्या संध्याकाळी लक्षात आलं. त्याचं पूर्ण नाव सांगा म्हटल्यावर वहीत ‘टँकरवाले भाऊ’ एवढीच नोंद सापडली. तेव्हापासून वहीत प्रत्येक सेवेकऱ्याचं नाव, गाव आणि घरच्या माणसाचा फोन लिहिला जातो, आणि काल्याच्या दिवशी ती नावं सगळ्यांसमोर वाचली जातात. नाथषष्ठीच्या आधी वाड्यातल्या त्या रांजणात आजही भाविक पाणी घालतात. घालताना आपल्या टँकरवाल्याचीही आठवण यावी.

गोदावरीच्या घाटावर अंगावर थुंकणाऱ्याची गोष्ट सर्वांना पाठ आहे, ती इथे पुन्हा सांगत नाही. परक्या माणसाचा राग गिळता येतो. घरच्याचा गिळणं कठीण. म्हणून हरिपंडितांची हकीकत आम्हाला जास्त शिकवणारी वाटते. हरिपंडित नाथांचे चिरंजीव, मोठे विद्वान, कर्मठ. वडील मराठीत पुराण सांगतात, कुणाच्याही घरी जेवतात, हे त्यांना पटेना. ते रुसून काशीला गेले. नाथ स्वतः त्यांना आणायला गेले. मुलाने अटी घातल्या : मराठीत पुराण सांगायचं नाही आणि परान्न घ्यायचं नाही. नाथांनी दोन्ही मान्य केल्या. पैठणला आता हरिपंडित संस्कृतात सांगू लागले आणि श्रोते हळूहळू कमी होत गेले. नाथांनी मुलाला टोमणा मारला नाही, गाऱ्हाणं केलं नाही. पुढे सहस्रभोजनाचा संकल्प केलेल्या एका गरीब बाईच्या घरी नाथ जेवले आणि एका पत्रावळीखाली दुसरी, दुसरीखाली तिसरी अशा हजार पत्रावळी निघाल्या, असा चमत्कार सांगतात. हरिपंडितांचं मन तिथे फिरलं. पण त्या चमत्काराच्या आधीचे दिवस पाहा. आपलं बरोबर आहे हे माहीत असताना नाथ गप्प राहिले, मुलाला त्याच्या रीतीने करून पाहू दिलं, आणि अनुभवाने शिकायला वेळ दिला. नाथांच्या समाधीनंतर पादुका आषाढीला पंढरीला नेण्याची परंपरा याच हरिपंडितांनी सुरू केली असं मानलं जातं. म्हणजे आपण ज्या पालखीमागे चालतो ती एका काळी विरोधात गेलेल्या मुलाने उचललेली आहे.

आता दिंडीकडे येऊ. आजची दिंडीची शिस्त सगळी पैठणची नाही, हे मोकळेपणाने सांगायला हवं. सोहळ्याचा नीट बांधलेला आराखडा महाराष्ट्राने पाहिला तो आळंदीला, हैबतबाबा आरफळकरांमुळे. बाबा सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे, ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी सरदार होते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी माउलींच्या पालखीला लष्करी शिस्त लावली. अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे आणि तंबू दिले. रथापुढच्या दिंड्या आणि रथामागच्या दिंड्या, त्यांचे क्रम, निघण्याची वेळ, विसाव्याची जागा, सगळं ठरून गेलं. हजारो माणसं कुणालाही पगार नसताना ओळीत चालतात, याचं कारण प्रत्येकाला आपली जागा माहीत आहे.

त्या सोहळ्यातली समाजआरती ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी एकदा मुद्दाम पाहावी. संध्याकाळी पालखी तळावर येते, दिंड्या गोल उभ्या राहतात, टाळमृदंगांचा कल्लोळ चाललेला असतो. चोपदार दंड वर करतो आणि एवढा समाज क्षणात गप्प होतो. एखाद्या दिंडीचं गाऱ्हाणं असेल तर ती टाळ थांबवत नाही. सगळीकडे शांतता आणि एकाच कोपऱ्यात टाळ वाजताहेत, म्हणजे तिथे काहीतरी दुखतंय. चोपदार तिकडे जातात, ऐकून घेतात, निवाडा सांगतात. मग हरवलं-सापडलं सांगितलं जातं, उद्या निघण्याची वेळ जाहीर होते, आणि आरती होते. गाऱ्हाणं ऐकल्याशिवाय आरती नाही. किती साहेबांच्या मीटिंगा आम्ही पाहिल्या, तिथे शेवटी ‘कुणाला काही बोलायचंय का’ असं विचारतात आणि विचारणारा तोवर खुर्चीवरून उठलेला असतो.

आपल्या दिंडीत याचं छोटं रूप आहे. मुक्कामी हरिपाठ झाला की पंगतीआधी ज्याला बोलायचं असेल त्याने टाळ दोनदा वाजवायचा. गाऱ्हाणी मोठी नसतात. भाजी शेवटच्या रांगेपर्यंत आली नाही, पालात पाणी शिरलं, कुणी कुणाची वळकटी हलवली. पण ती दुसऱ्या दिवशी चालताना सोबत न्यायची नाहीत असा जुन्या मंडळींचा दंडक होता. रात्रीची भानगड रात्रीच मिटवायची.

दिंडी उभी कशी असते तेही पाहण्यासारखं आहे. पुढे पताकावाले, मग टाळकऱ्यांच्या दोन रांगा, मध्ये पखवाजी, आणि विणेकरी मागच्या बाजूला. त्याच्यामागे तुळस आणि हंडा घेतलेल्या आयाबाया. दिंडीतला सर्वांत मानाचा माणूस सर्वांत पुढे नसतो. तो मागे असल्यामुळे त्याला पुढच्या प्रत्येकाची पाठ दिसते. कोण लंगडतोय, कुणाची रांग सुटली, कुणाला ऊन लागलं, हे त्याला आधी कळतं. आणि चाल ठरते ती दमलेल्या माणसाच्या पायांवर. पैठणहून ज्येष्ठ वद्य सप्तमीला निघून आषाढ शुद्ध दशमीला पंढरपुरात पोचायचं, बीड, धाराशिव, सोलापूर अशा जिल्ह्यांचा उन्हापावसाचा रस्ता, अठरा दिवसांचा हिशेब. सगळ्यात जोरात चालणाऱ्याच्या मापाने दिंडी चालवली तर तिसऱ्या मुक्कामाला निम्मी माणसं टेम्पोत असतील.

वीणा जमिनीवर ठेवायचा नाही, हे सप्ताहात बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पहारा बदलताना येणारा जाणाऱ्याच्या पाया पडतो, जाणारा येणाऱ्याच्या पडतो, आणि वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जातो. मध्ये क्षणाचाही खंड नाही. आमच्यातले काही जण वाळूजला, चितेगावला, पैठणच्या एमआयडीसीत कंपन्यांत आहेत, कुणी सुपरवायझर आहेत, कुणाच्या हाताखाली ठेकेदाराची पंधरा-वीस माणसं असतात. त्यांच्यातल्या एकाने आम्हाला सांगितलं की शिफ्ट सुटताना पहिली माणसं घड्याळाकडे बघत निघून जायची, दुसरी येऊन मशीन कुठं थांबली ते शोधत बसायची. त्याने नियम केला : जाणाऱ्याने येणाऱ्याला मशीनपाशी उभं करून तोंडी सांगायचं आणि मगच हात धुवायचे. साहेबांनी विचारलं, हे कुठं शिकलास? तो म्हणाला, पहाऱ्यावर. साहेबांना वाटलं हा वॉचमन होता.

हसण्यावारी सोडली तरी गोष्ट खरी आहे. गावाकडच्या पोरांना माणसं सांभाळायला शिकवणारी शाळा कुठं आहे? कॉलेजात ते नाही. दिंडीत मात्र सोळा वर्षांच्या पोराच्या हाती पंगतीत पोळ्यांची परात येते आणि त्याला वीस मिनिटांत शिकावं लागतं की म्हाताऱ्याला आधी विचारायचं, घाईत असलेल्याला चिडवायचं नाही, संपत आलं की कोठीत वेळेवर सांगायचं, आणि आपण शेवटी बसायचं. दोन वर्षं वाढपी, मग पुढच्या मुक्कामाची जागा धरायला जाणारा, मग कोठीत, मग भिशीच्या वहीवर. जुन्या पिढीतले आपले बहुतेक कारभारी याच पायऱ्यांनी वर आले. कुणी थेट वर चढवलेला टिकला नाही, हे शंभर वर्षांत दोनदा तरी दिसलेलं आहे. नावं लिहीत नाही.

बायांचा मुद्दा टाळून पुढे जाता येणार नाही. आपल्या दिंडीत आज बायकांची संख्या पुरुषांहून जास्त आहे. त्यातल्या कितीतरी जणी गावात बचत गट चालवतात. दहा-वीस घरांचा पैसा, उसनवारी, हप्ते, रुसवे-फुगवे, सगळं वहीत आणि डोक्यात ठेवतात. त्याच बायका दिंडीत आल्या की त्यांच्याकडे स्वयंपाक आणि हंडा एवढंच येतं, आणि हिशेब असतो तो सातवीत गणित सोडलेल्या एखाद्या बाप्याकडे. श्राद्धाचं अन्न दारात आलेल्या भुकेल्यांना आधी वाढणाऱ्या नाथांच्या गावाहून आपण निघतो. त्या घरात गिरिजाबाईंचा शब्द चालत होता.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावासा वाटला ती. नाथ महाराजांनी भावार्थरामायण लिहायला घेतलं, पण ते पूर्ण झालं नाही. युद्धकांडाच्या चव्वेचाळीसाव्या अध्यायापाशी महाराज थांबले. पुढचं काम कुणाकडे? वाड्यात विद्वान होते, खुद्द पंडित मुलगा होता. काम गेलं गावबाकडे. गावबा म्हणजे पुरणपोळीच्या लोभाने नाथांच्या घरी राहिलेला, मंदबुद्धी समजला गेलेला पोरगा. गुरुमंत्र द्यायला लागले तर ‘एकनाथ’ या नावावाचून दुसरं काही घेणार नाही म्हणून अडून बसलेला. त्या पोराने उरलेलं रामायण असं पुरं केलं की जोड कुठे आहे ते वाचणाऱ्याला सहज सापडत नाही. याला कथा म्हणून आपण डोलतो. पण काम हातातून सोडण्याचा हा निर्णय नाथांनी घेतला होता, आणि ज्याच्यावर कुणी पैज लावली नसती त्याच्याबाबत घेतला होता. इतकी वर्षं तो पोरगा घरात काय ऐकतोय, काय टिपतोय, याकडे त्यांचं लक्ष होतं म्हणूनच तो घेता आला.

आपल्याकडे नेमकं इथे अडतं. कोठीची किल्ली, भिशीची वही, मुक्कामाच्या गावांतल्या यजमानांशी बोलणं, हे सगळं गेली वीस-बावीस वर्षं त्याच चार-पाच हातांत आहे. ते हात प्रामाणिक आहेत, थकलेही आहेत. २०२० साली महामारीत दिंड्या निघाल्या नाहीत, नाथांच्या पादुका मोजक्या माणसांसह एसटीने पंढरपूरला गेल्या. त्या वर्षी सगळ्या वारकऱ्यांना फोन करून घरीच हरिपाठ करा, कुणाला धान्य हवंय का, कुणाच्या घरी आजारपण आहे का, हे विचारणारी मंडळी तरुण होती. याद्या त्यांनी केल्या, धान्य त्यांनी पोचवलं. पुढे दिंडी पुन्हा उभी राहिली तेव्हा त्यांच्या हाती परत परात आली. त्यातले तिघे-चौघे आता येत नाहीत. रजा मिळत नाही असं सांगतात. रजेची अडचण खरी आहे, शिफ्टमध्ये अठरा दिवस कोण सोडतो? पण चार दिवसांची रजा तर पूर्वी मिळत होती, आणि तेव्हा ते चार दिवस येत होते.

जुन्या मंडळींचं म्हणणंही ऐकायला हवं. पोरं मोबाइलवर हिशेब ठेवतात, तो सगळ्यांना दिसत नाही. यजमानांच्या घरी जाऊन बसत नाहीत, मेसेज टाकतात. तीन पिढ्यांचा जिव्हाळा मेसेजने टिकत नाही, हे म्हाताऱ्यांचं म्हणणं आम्हाला पटतं. करकंबच्या अलीकडे भर पावसात जागा मिळते ती ओळखीवर, आणि ती ओळख एखाद्या आजोबांनी चाळीस वर्षांपूर्वी चुलीपाशी बसून जोडलेली असते. म्हणून दोघांना एकत्र पाठवायचं ठरलं.

दिंडीच्या बैठकीत झालेले निर्णय असे. कोठीची किल्ली यंदा तिशीच्या आतल्या दोघांकडे राहील, जुने कोठीवाले अठरा दिवस त्यांच्यासोबत असतील पण किल्लीला हात लावणार नाहीत. भिशीची वही दोन महिला वारकरी सांभाळतील, हिशेब कागदावर राहील आणि रोज हरिपाठानंतर वाचला जाईल. मुक्कामाच्या गावी यजमानांना भेटायला एक जुना आणि एक नवा असे मिळून जातील, आणि बोलेल तो नवा. ज्यांना पूर्ण वारी शक्य नाही त्यांनी आपले दिवस आधी कळवावेत, त्या दिवसांची सेवा त्यांच्या नावाने लिहून ठेवली जाईल. पौर्णिमेला गोपाळपूरला काला झाला की त्याच दिवशी जमाखर्च आणि सेवेकऱ्यांची नावं वाचून मगच परतीच्या गाड्या सुटतील.

कोठीचं सामान ज्येष्ठ वद्य षष्ठीला दुपारपर्यंत पैठणला पोचवावं. पातेली, पाल आणि दोर मोजून घेतले जातील. मोजणारे नवे आहेत, त्यांना थोडा वेळ लागेल.